गेमिंगसाठी दोन ग्राफिक्स कार्डं? पैसे एकातच घाला

"माझ्याकडं आरटीएक्स २०८० कार्ड हाय. तसलंच आणि एक सेकंडहँड घेऊन लावलं तर डबल चालंल न्हवं?" कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीकडच्या कॉम्प्युटर दुकानांत हा प्रश्न अजून विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा हिशेब वरवर बरोबर असतो. गेमचं चित्र काढणारं नवं मोठं कार्ड महाग, जुनं स्वस्त, मग दोन जुनी जोडून काम का भागवू नये? गेमिंगपुरतं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. पण का नको, हे नीट समजून घेतलं तर पुढचं कार्ड निवडताना त्याचा उपयोग होतो, म्हणून जरा सविस्तर.

दोन कार्डं जोडायची कल्पना जुनीच. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या व्हूडू २ कार्डांची जोडी लावता यायची; तिला एसएलआय म्हणत. एक कार्ड चित्राच्या सम ओळी काढायचं, दुसरं विषम. पुढे ती कंपनीच बुडाली, तंत्रज्ञान एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि २००४ मध्ये जीफोर्स ६ मालिकेसोबत एसएलआय हे नाव पुन्हा बाजारात आलं. एटीआयने (पुढे ही कंपनी एएमडीत गेली) २००५ मध्ये क्रॉसफायर ही तसलीच जोडणी आणली. पुढची दहा वर्षं दोन कार्डांच्या मशीनचा रुबाब होता, नाद खुळा! फायदाही खरा होता, पण तो त्या काळच्या गेम्सपुरता.

ही जोडी चालायची कशी? बहुतेक गेम्समध्ये पाळीपाळीने. पहिली फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, एका कार्डाने काढायची, दुसरी दुसऱ्याने, तिसरी परत पहिल्याने. समजा एका कार्डाला एक फ्रेम काढायला ३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम. दोन कार्डं बरोबर अर्ध्या अंतराने चालली तर दर साडेसोळा मिलिसेकंदांना एक फ्रेम पडद्यावर येईल आणि आकडा ६० दिसेल. घोडं पेंड खातं ते या "बरोबर अर्ध्या अंतराने" मध्ये. प्रत्यक्षात दुसरं कार्ड पहिल्याच्या पाठोपाठ सुटतं आणि फ्रेम येतात त्या ५ मिलिसेकंदांनी, मग २८ नी, परत ५, परत २८. कोपऱ्यातला मीटर ६० दाखवतो, डोळ्यांना मात्र ३५ च्या आसपासची धडधड जाणवते. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघून तो कधीच कळत नाही; त्यासाठी फ्रेमटाइमचा, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेचा, आलेख बघावा लागतो. शिवाय प्रत्येक फ्रेम तयार व्हायला अजूनही ३३ मिलिसेकंदच लागतात, त्यामुळे माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर तसाच राहतो. शूटिंगच्या गेममध्ये नेमकं तेच नको असतं.

तरीही हे चालवून घेता आलं असतं. खरा घात केला तो नव्या गेम्सच्या चित्र काढण्याच्या पद्धतीने. चित्राच्या कडा गुळगुळीत करणारं टीएए असो, छोटं चित्र मोठं करणारं डीएलएसएस असो की एफएसआरच्या नव्या आवृत्त्या, या सगळ्यांना आधीच्या फ्रेमची माहिती लागते. पाळीपाळीच्या पद्धतीत आधीची फ्रेम असते दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत. ती इकडे आणायची, तोवर थांबायचं, मग पुढे जायचं. म्हणजे दोन कार्डं एकमेकांची वाट बघत बसतात आणि वाढलेला वेग तिथेच संपतो. कधीकधी तर दोन कार्डांवर एकापेक्षा कमी फ्रेम मिळतात.

मेमरीबद्दलचा गैरसमज इथेच मोडून काढू. ८ जीबीची दोन कार्डं म्हणजे गेमसाठी १६ जीबी नव्हे. दोन्ही कार्डांना तीच टेक्श्चर्स (पृष्ठभागांची चित्रं) आपापल्या मेमरीत ठेवावी लागतात, त्यामुळे वापरायला मिळतात ८ च. आजच्या गेम्समध्ये जुनी कार्डं दमतात ती पुष्कळदा मेमरी अपुरी पडल्यामुळे, आणि दुसरं कार्ड नेमकं त्याच दुखण्यावर काही करत नाही.

बाकी राहिलेलं काम कंपन्यांनी स्वतःच उरकलं. एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० ला जोडणीची सोयच दिली नव्हती. आरटीएक्स २० मालिकेत साध्या २०७० ला नाही, २०७० सुपर, २०८० आणि २०८० टीआयला होती. ३० मालिकेत फक्त ३०९० आणि ३०९० टीआय. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने २० मालिका आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नव्या गेम्सची एसएलआय प्रोफाइल (त्या गेममध्ये जोडी कशी चालवायची याच्या, कार्डाच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमधल्या सूचना) देणं बंद केलं. ४० मालिकेच्या गेमिंग कार्डांवर जोडणीची पट्टीच उरली नाही. एएमडीच्या बाजूला २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून जुना क्रॉसफायर गेला. डायरेक्टएक्स १२ या विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीत दोन कार्डं वापरायची वाट अजून उघडी आहे, पण ते काम ड्रायव्हर करत नाही. गेम बनवणाऱ्यांनीच करायचं. हजारातल्या एखाद्या गिऱ्हाइकासाठी कोण एवढं करणार? मोजक्याच गेम्समध्ये ते झालं.

आता मदरबोर्ड. सर्वसामान्य रायझन किंवा इंटेल प्रोसेसर ग्राफिक्ससाठी १६ लेन (डेटाचे रस्ते) देतो. त्या ८-८ अशा वाटून देणारे बोर्ड महाग असतात. मध्यम किमतीच्या बोर्डवर खालचा स्लॉट लांबीला १६ चा दिसतो, पण आत तारा चारच, तुरळक बोर्डांवर तर एकच, आणि त्याही प्रोसेसरकडून थेट नव्हे, चिपसेटमार्गे आलेल्या. पीसीआयई ३.० (स्लॉटच्या जोडणीची एक जुनी पिढी) च्या हिशेबाने १६ लेनवर सेकंदाला जवळजवळ १६ जीबी जातात, चारवर ४ जीबीच. स्लॉटची लांबी बघून फसू नका; बोर्डच्या मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटसमोर काय लिहिलंय ते वाचा.

उष्णतेचं गणित त्याहून सोपं. हल्लीची कार्डं अडीच-तीन स्लॉट जाड, म्हणजे पाच ते सहा सेंटिमीटर. दोन लावली की वरच्याचे पंखे खालच्याच्या पाठीला टेकल्यासारखे होतात आणि त्याने सोडलेली गरम हवा ओढतात. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत आधीच ३५ अंश असताना वरचं कार्ड सहज दहा अंश जास्त तापतं, मग वेग कमी करतं, आणि पंख्यांचा आवाज शेजाऱ्यापर्यंत जातो.

कोल्हापुरात या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न विजेचा, आणि एक कार्ड घेणाऱ्यानेही तो आधी सोडवावा. ३०० वॉटचं एक कार्ड, प्रोसेसरचे १२० आणि बाकीचे ६० धरले की ४८० होतात. पॉवर सप्लायमधली तूट धरून भिंतीच्या सॉकेटवर सुमारे ५३० वॉट. तसलंच दुसरं कार्ड लावलं की सॉकेटवर ८७० च्या घरात. आता यूपीएसकडे बघा. दुकानात सरसकट मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो, ११०० व्हीएचा ६६० च्या आसपास. म्हणजे एका कार्डाला ११०० व्हीए पुरतो, दोन कार्डांना १५०० व्हीएसुद्धा काठावर. गेम चालू असताना लाइट गेली आणि यूपीएस "पीं" करून मशीनसकट बंद पडला, तर दोष बहुतेक वेळा बॅटरीचा नसतो; लोडच जास्त असतो.

आणखी एक. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढायला लावणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर साइन वेव्हऐवजी, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी, पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो. काही पॉवर सप्लायना ती मानवत नाही आणि लोडवर असताना मशीन झटक्यात बंद होतं. शक्य असेल तर प्युअर साइन वेव्हचा यूपीएस घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर त्याच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का बघा. वीज गेल्यावर पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर बारा ते सतरा मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टरने तेवढ्यात ताबा घेतला नाही तर रीस्टार्ट ठरलेला. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंगही तपासून घ्या: न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवा, कार्डाची खरेदी आठवडाभर पुढे ढकला.

बिलाचं म्हणाल तर २५० वॉटचं जादा कार्ड रोज चार तास चाललं की दिवसाला एक युनिट, महिन्याला तीस. आकडा लहान वाटतो, पण महावितरणचा १०० युनिटांचा टप्पा ओलांडला की त्यापुढच्या युनिटांना वरचा दर लागतो.

दोन कार्डं खरोखर कामाला येतात अशा जागा आहेत, पण त्या गेमिंगच्या नव्हेत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये प्रेफरन्सेस, मग सिस्टीम, तिथे दोन्ही कार्डांवर खूण केली की रेंडरचा (चित्र तयार व्हायचा) वेळ जवळपास निम्म्यावर येतो. इंटिरियरची किंवा आर्किटेक्चरची कामं करणाऱ्यांना हे परवडतं. फक्त सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावायला हवा. घरच्या मशीनवर एआयची भाषा-मॉडेलं चालवणारे २४ जीबीची दोन ३०९० लावतात, कारण तिथे मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात आणि मेमरीची खरोखर बेरीज होते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत डिझाइनचं काम करत असाल तर सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल गरागरा फिरवायला दुसऱ्या कार्डाचा काडीचा उपयोग नाही, तो खर्च करू नका.

गेमिंगमध्ये एक पळवाट अलीकडे निघाली आहे. लॉसलेस स्केलिंग नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये गेम एका कार्डावर चालवून मधल्या कृत्रिम फ्रेम दुसऱ्या, हलक्या कार्डावर बनवता येतात. मॉनिटरची केबल त्या दुसऱ्या कार्डाला लावायची, विंडोज ११ च्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमसाठी मोठं कार्ड निवडायचं, आणि खालच्या स्लॉटला किमान चार लेन हव्यात. मूळ गेमच साठच्या आसपास फ्रेम देत नसेल तर चित्र गुळगुळीत होतं पण हाताला जड लागतं. घरात पडून असलेलं जुनं कार्ड वापरून प्रयोग म्हणून ठीक. त्यासाठी मुद्दाम कार्ड विकत घेण्यासारखं नाही.

मग एकच कार्ड, पण कोणतं? मॉनिटरच्या रिझोल्यूशनवरून (चित्रात किती ठिपके) ठरवा. १०८०पी असेल तर आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, आणि दोन्हींच्या ८ जीबी आवृत्त्या सोडून १६ जीबीच्याच घ्या. १४४०पी साठी १२ जीबीचं ५०७० चालतं, पण चार-पाच वर्षं बदलायचं नसेल तर १६ जीबीचं ५०७० टीआय किंवा आरएक्स ९०७० एक्सटी बरं. ४के मॉनिटर असेल तर १६ जीबीच्या खाली बघूच नका.

जुना बोर्ड असणाऱ्यांनी इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ५०६० आणि ५०६० टीआय आठच लेन वापरतात. बी४५० सारख्या पीसीआयई ३.० च्या बोर्डवर त्यांना सेकंदाला ८ जीबीचाच रस्ता मिळतो. मेमरी पुरत असेल तोवर फरक थोडाच. ८ जीबीचं कार्ड भरलं आणि डेटा रॅममधून ओढायची वेळ आली की गेम जागोजागी अडखळतो. ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, म्हणून अशा बोर्डवर माझा कौल त्याला.

पॉवर सप्लायला कंपन्यांची शिफारस ५०६० टीआयला ६०० वॉट, ५०७० ला ६५०, ५०७० टीआयला ७५०. ती पाळा, आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला सप्लाय असेल तर आधी तो बदला. आठ पिनच्या एका सॉकेटमधून कार्डाला १५० वॉट मिळणं अपेक्षित असतं. कार्डाला दोन सॉकेट असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं वापरू नका. नव्या सोळा पिनच्या कनेक्टरचं तोंड पूर्ण आत बसलंय हे टॉर्च लावून बघा, फट दिसता कामा नये, आणि केबल तोंडापासून तीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ द्या. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याची उदाहरणं आहेत.

सेकंडहँडच घ्यायचं ठरलं तर एकच, पण चालू मशीनमध्ये बघून घ्या. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव, मेमरी आणि लेन जुळतात का पाहा, मग पंधरा मिनिटं फरमार्क ही कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी चालवा. ३०८० किंवा ३०९० असेल तर एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान बघा. ११० अंशांना टेकत असेल तर थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या) गेलेत, ते बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. कार्डाच्या धातूच्या पट्टीवर, स्क्रूवर गंज असेल किंवा पंख्याची पाती हाताने फिरवल्यावर खरखरत असतील तर सौदा सोडा. घरी आणल्यावर एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट जात असाल तर सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर चालवून जुना ड्रायव्हर काढा, मशीन बंद करा, आणि मगच नवं कार्ड बसवा. बसवल्यावर आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून एकदा खेळून बघा. फ्रेम फार थोड्या कमी होतात, आणि यूपीएसवरचा भार चांगलाच उतरतो.