‘सर्दी आहे, नंतर आणा’: व्हिटॅमिन ए चे नऊ डोस पूर्ण करताना

मुलाचे व्हिटॅमिन ए चे नऊही डोस पाच वर्षांच्या आत झाले याचा मला अभिमान वाटतो, कारण तिसऱ्या डोसपासून पुढे आईवडिलांनीच पाठपुरावा करावा लागतो. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर, १ मिली. दुसरा १६ ते १८ महिन्यांना, २ मिली. हे लशीच्या दिवशीच उरकतात. पुढे दर सहा महिन्यांनी २ मिली. तेव्हा टोचायची लस नसते, त्यामुळे कार्ड कपाटात जातं आणि डोस राहतात.

आमचं घोडं अडलं ते सर्दीपाशी. नागरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी मुलाचं वाहतं नाक पाहिलं आणि कार्ड परत दिलं: ‘सर्दी आहे, बरं वाटलं की आणा.’ पावसाळ्यात दोन वर्षांच्या मुलाचं नाक कोरडं कधी असतं? सर्दी गेली तोवर बाटली संपलेली, नवी आली तेव्हा खोकला. त्या केंद्राचा मला अजूनही राग आहे, कारण साधी सर्दी, खोकला, किंचित ताप किंवा जुलाब असताना हा डोस देता येतो. थांबायचं ते मुलाला धाप लागली असेल, गिळता येत नसेल किंवा ते गंभीर आजारी असेल तर. औषध तेलकट आहे. ठसका लागून ते श्वासनलिकेत गेलं तर त्रास होतो. म्हणूनच रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून ते घशात ओतू नये. मांडीवर बसवून, शांत झाल्यावर, थोडं थोडं द्यावं.

शेवटी मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटले आणि एवढंच विचारलं, ‘श्वास नीट आहे, खातोपितो आहे, मग डोस का नाही?’ त्यांनी तिथेच द्यायला सांगितलं. तुम्हीही वाद न घालता थेट त्यांनाच विचारा.

जाताना कार्ड न्याच. मागचा डोस कधी झाला हे सांगता आलं नाही तर देणारी व्यक्ती कचरते, आणि ते बरोबर आहे. दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर हवं, कारण हे जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि जास्त झालं तर बाधतं. अंगणवाडीत मोहिमेत डोस मिळाला तर नोंद बहुधा त्यांच्या रजिस्टरमध्ये राहते. सेविकाताईंकडून कार्डावरही तारीख घालून घ्या आणि कार्डाचा फोटो ठेवा. खासगी दवाखान्यात लसी घेत असाल तर हा डोस तिथे मिळतो का ते आधीच विचारा. मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल आणून घरी देऊ नका.

रांगेत काही जणी हा डोस खोकल्याचं औषध म्हणून मागत होत्या. तसं नाही. याची कमतरता असली की श्वासनलिकेचं ओलसर अस्तर कोरडं, खरखरीत होतं आणि जंतू बाहेर ढकलणारे बारीक केस कमी होतात. पण न्यूमोनिया झाल्यावर हा डोस दिल्याने तो लवकर बरा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यावर उपचार वेगळे. छाती आत ओढली जात असेल तर लगेच दवाखाना गाठा. डोसचा फायदा एकूण बालमृत्यू, जुलाब आणि गोवर यांच्या बाबतीत दिसला आहे. इंडोनेशियातल्या आचे भागातल्या अभ्यासात (१९८६) डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांश कमी होते.

गोवराचं गणित मात्र निराळं. गोवर शरीरातला ए चा साठा झपाट्याने संपवतो आणि मागोमाग न्यूमोनिया येतो. म्हणून गोवरात सलग दोन दिवस डोस देतात: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, ६ ते ११ महिने १ लाख, वर्षावरील मुलांना २ लाख, मग मोहिमेतला डोस आधी झालेला असला तरी. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा हे किती जिवावर बेतू शकतं ते मुंबईने पाहिलं आहे. पुरळ दिसलं तर डॉक्टरांना या डोसबद्दल स्वतःहून विचारा.

आणि हो, बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली असते, ती बघा. उघडल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत ती संपायला हवी. चमचा बाटलीबरोबर आलेलाच हवा, त्याच्यावर १ आणि २ मिलीच्या खुणा असतात. डोसनंतर एखाददुसरी उलटी किंवा डोकेदुखी झाली तर ती एक-दोन दिवसांत थांबते.