घुरघुर

मे महिन्यात काकूंचा तिसऱ्यांदा फोन आला. "भाऊ, तुमचे ते डबे पुन्हा घुरघुर करून राह्यले."

डबे म्हणजे मी हाताने बनवलेले कम्प्युटरचे स्पीकर. नागपूरच्या बर्डीवर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. तयार जोडी बाजारात स्वस्त मिळते, तरी वर्षाला चार-पाच जोड्या मी बनवतोच. त्यात सुटतं काही नाही, हाताला खाज असते एवढंच. महालातल्या या काकू गाणं शिकवायच्या. कम्प्युटरवर जुन्या मैफली लावायच्या, पण प्लास्टिकच्या स्पीकरमधून तंबोरा डासासारखा ऐकू येतो म्हणाल्या. मग 12 मिमीचं प्लाय कापलं, फेव्हिकॉल लावून रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवलं, 4 इंची वूफर बसवले. एका डब्यात 12-0-12 चा 3 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि आवाज वाढवणाऱ्या दोन टीडीए 2030ए आयसी. डायोड-कॅपॅसिटरनंतर प्लस-मायनस 16 व्होल्टच्या आसपास मिळतात, ते या आयसीला मानवतात. नवी पोरं एका ठिकाणी हमखास फसतात: आयसीच्या पाठीचा पत्रा आतून मायनस सप्लायला जोडलेला असतो. खाली मायका, म्हणजे करंट अडवणारी अभ्रकाची चकती, न घालता हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याला) आवळला आणि हीटसिंक ग्राउंडला टेकलं, की धूर. माझ्या मायकाच्या चकत्या जागच्या जागी होत्या, हे मी शपथेवर सांगतो.

पहिल्या दोन वेळा त्यांचा नातू डबे दुकानात घेऊन आला होता. माझ्या टेबलावर चिडीचूप. तरी दुसऱ्या वेळी 4700 मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर काढून 10000 चे टाकले. आता लाज वाटते. सप्लायची रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर, असती तर टेबलावरही ऐकू आली असती. शेजारच्या दुकानातला गडी म्हणाला, "कायले डोकं लावतं बे? कम्प्युटरच्या थ्री पिनची अर्थची पिन उपटून टाक, आवाज बंद." बरेच जण असंच करतात. आवाज खरंच बंद होतो, म्हणून तर करतात.

तिसऱ्यांदा मीच गेलो. दुपारचे दोन, बाहेर आग ओतत होती, आत खिडकीत कूलर धडधडत होता. स्पीकर लावला आणि कळलं. रिपलचा आवाज 100 हर्ट्झचा असतो, कारण ब्रिज 50 चे 100 करतो. हा त्याहून खालच्या पट्टीचा होता, वर बारीक खरखर. काकूंनीच सूर लावून दाखवला, "हा बघा, इथे लागतो, खर्जात." व्हॉल्यूम शून्यावर नेला, आवाज गेला. म्हणजे तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच शिरत होता. मागे पाहिलं तर नातवाने कम्प्युटरसोबत टीव्हीचा सेट टॉप बॉक्सही जोडून ठेवलेला. केबल टीव्हीची वायर उपसली. शांत. परत लावली. घूंऽऽ.

ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी ग्राउंड जुळून त्या कड्यात फिरणारा करंट, असं म्हणून मी बॅग आवरायला घेतली होती. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अन् त्या कम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या येतात, ते? पह्यल्या दिवशीच सांगितलं होतं न मी."

सांगितलं होतं. मी हसून म्हटलं होतं, चप्पल घालून बसत जा काकू.

मीटर काढलं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम दोन-तीन व्होल्ट दिसायला हवेत. दिसले 62. कूलर बंद करायला लावला, काटा खाली. पुन्हा चालू, पुन्हा साठ. मग 60 वॅटचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला. बल्बची तार नुसती निखाऱ्यासारखी लाल झाली, उजेड नाही. घराला अर्थिंग फक्त नावापुरतं होतं. कूलरच्या पाण्याच्या पंपातून करंट गळत होता, त्याला जमिनीत जायला वाट मिळेना, म्हणून तो अर्थच्या वायरीवरून कम्प्युटरच्या पत्र्यावर आणि माझ्या स्पीकरमधून केबलवाल्याच्या वायरीवर पळत होता. जाता जाता घुरघुरत होता. कूलरचा पत्राही त्याच वायरीवर. आणि नातू त्यात रोज बादलीने, ओल्या पायांनी पाणी भरतो. उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. मी आधी जाऊन मेन स्विच पाडला. मेनवर फ्यूजच्या तारेचे जुने कटआऊट, गळती पकडणारं काहीच नाही.

"अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

अंगणात, एका कुंडीखाली. पूर्वी तिथे नळ होता, भांड्यांचं पाणी खड्ड्यात मुरायचं. दोन वर्षांपूर्वी फरशी टाकली, नळ आत नेला. खालचं कोळसा-मीठ वाळून ठाक. कुंडी सरकवली, पाइपाचं तोंड मोकळं केलं आणि मी नि नातवाने मिळून आठ बादल्या ओतल्या. पहिल्या चार तर जमिनीने नुसत्या गिळल्या. अर्ध्या तासाने पंपाची वायर काढून मेन चालू केला, लॅम्प धरला. बल्ब पिवळा झाला, भिंतीवर सावली पडण्याइतका.

पंप उघडून पाहिला. वायर जिथे आत शिरते तिथलं रबर चिरलेलं, आत हिरवा गंज. नवा आणून बसवला, मेनवर ईएलसीबी, म्हणजे गळती पकडून लाइन तोडणारा स्विच, लावायला वायरमनचा नंबर दिला. केबलची वायर परत जोडली, कूलर फुल केला, व्हॉल्यूम वर नेला. स्पीकर गप्प.

काकू थोडा वेळ कान देऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आता कूलरचाच आवाज येऊन राह्यला भाऊ. त्याचं पण पहा न काही."

कॅपॅसिटरचे पैसे मी परत केले.