तो हात इतक्या पटकन का निघाला

कालपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. धाकटा आणि त्याचा तो मित्र जिन्यात बसून एकाच मोबाइलवर मॅच बघत होते. इअरफोनचं एक टोक याच्या कानात, दुसरं त्याच्या. याचा हात त्याच्या खांद्यावर, सहज पडलेला. वरून उतरणारा तिसरा ओरडला, "ए छक्क्यांनो, लग्न करा आता!" तिघंही हसले. पण हसता हसता याचा हात निघाला, वायर ताणली गेली, इअरफोन कानातून निसटून लोंबत राहिला. परत कोणी लावला नाही. उरलेली मॅच दोघांनी आवाजाशिवायच बघितली, मध्ये हातभर अंतर ठेवून.

शिवीचं नवल नाही. हात निघाला तो वेग खुपतोय. "काढ" असं कोणीच म्हटलं नव्हतं.

रात्री विचारलं तर वैतागलाच. "बाबा, आम्ही असंच बोलतो. कॅच सुटला तरी छक्का, डोळ्यांत पाणी आलं तरी छक्का, केस नीट विंचरले तरी गे. कोणी खरंच तसा असेल तर त्याला थोडंच म्हणतो?"

सी. जे. पास्को या समाजशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत दीड वर्ष काढून हेच टिपलं होतं, 2007 साली छापून आलं. अंगावर आलेली शिवी लगेच दुसऱ्यावर ढकलायची, म्हणजे आपण सुटलो. खऱ्या समलिंगी मुलाला आम्ही तसं म्हणणार नाही, असं तिथलीही काही मुलं म्हणाली होती. पण "खरंच तसा असेल तर" म्हणे! कळणार कसं तुम्हाला? असल्या घोळक्यात कोण तोंड उघडेल? तो तुमच्यातच बसला असेल, कदाचित सगळ्यांत मोठ्यानं हसतही असेल. आणि तृतीयपंथी माणसांचं तर कोणाच्या गावीही नाही. असो.

तरी तो हात. नायोबी वे या मानसशास्त्रज्ञांनी मुलांशी वर्षानुवर्षं बोलून लिहिलंय, की 13-14 व्या वर्षी मुलं जिवलग मित्राबद्दल किती मोकळं बोलतात, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ते बोलणं कसं आटतं. मग मित्राविषयी काही सांगायचं तर आधी 'मी तसला नाही' हे सांगून घ्यायचं. वाचताना माझ्याच घशाशी आलं. माझे आणि माझ्या एका मित्राचेही अकरावीपर्यंत गळ्यात गळे होते. दादा गेला तेव्हा तो मित्र आला, दारात उभा राहिला, पाठीवर थाप मारली आणि गेला. त्या दिवशी मला कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं. किती वर्षं कुठल्या मित्रानं जवळ घेतलं नाही मला! जाऊ दे.

आज सकाळी पुन्हा म्हटलं, "तू तरी नको बोलूस तसं."

"मी एकटाच गप्प बसलो तर सगळे माझ्यावरच येतील."

खरं बोलला. मला राग नाही आला, उलट बरं वाटलं की एवढं तरी सांगितलं. त्याच्याबरोबर जिन्यात, मैदानावर, ग्रुपवर मी थोडाच असणार आहे? तिथलं त्याचं त्यालाच निभवायचंय.

"मग निदान हसू नकोस," म्हटलं.

दप्तर खांद्यावर टाकत तो म्हणाला, "बघतो."

पंधराव्या वर्षी एवढं पुष्कळ आहे.