पासून, पर्यंत

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

आज कोईमतूरच्या पार्टीला, म्हणजे आम्हाला माल पुरवणाऱ्या कंपनीला, मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी एका शब्दापाशी थांबून तो पुन्हा वाचला. 'बाय फ्रायडे.' 'टिल' नाही, 'बाय'. मग पाठवला.

गेल्या जूनमधली ती चूक अजून मनातून जात नाही. बुश या मशीनच्या सुट्या भागाचे 400 नग 14 तारखेपर्यंत स्टोअरला हवे होते, 15ला उत्पादनाची लाइन चालू व्हायची होती. मी लिहिलं होतं, 'प्लीज सेंड मटेरिअल टिल जून फोर्टीन.' त्यांनी अगदी तेच केलं. 14 तारखेपर्यंत रोज थोडा थोडा माल रवाना करत राहिले. त्या संध्याकाळी जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदींची, बेरीज केली तर 260 नग जमा, बाकीचे वाटेत. लाइन दीड दिवस बंद राहिली. साहेब काही बोलले नाहीत, माझ्याच मेलची प्रिंट काढून टेबलावर ठेवली. ते जास्त लागलं.

घरी येऊन ते वाक्य फोनवरच्या व्याकरण तपासणाऱ्या ॲपमध्ये टाकलं. एकही चूक दाखवली नाही. बरोबरच आहे, वाक्य शुद्धच होतं. गोंधळ माझ्या 'पर्यंत'मध्ये होता. '14 तारखेपर्यंत पाठवा' म्हणजे त्या दिवसाच्या आत पोचतं करा, आणि '14 तारखेपर्यंत थांबा' म्हणजे त्या दिवसापर्यंत थांबूनच राहा. मराठीत दोन्हीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजीला पहिल्या ठिकाणी 'बाय' लागतो, दुसऱ्या ठिकाणी 'टिल'. बेचाळीस वर्षं मराठी बोलत असून हा फरक मला कधी दिसला नव्हता.

त्याच रात्री दोनशे पानी वही काढली. डावीकडे मनात आलेलं मराठी वाक्य, जसंच्या तसं. उजवीकडे त्याचं इंग्रजी.

दुसऱ्याच पानावर 'पासून' आलं. 'पाच दिवसांपासून माल अडकलाय' आणि 'सोमवारपासून माल अडकलाय.' मी दोन्हीकडे 'सिन्स' लिहायचे. पण किती काळ झाला हे सांगायचं तर 'फॉर फाइव्ह डेज', आणि कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स मंडे'. मग 'काल पाठवलं आहे'. मराठीत त्यात काहीच खटकत नाही, म्हणून मी बिनदिक्कत 'आय हॅव सेंट इट यस्टरडे' लिहायचे. इंग्रजीत 'यस्टरडे' आला की 'हॅव' चालत नाही, नुसतं 'आय सेंट इट यस्टरडे'.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून ते 2000 साली आलं, तोवर माझी दहावी होऊन गेली होती. काळांचे बाराही तक्ते मी पाठ केले होते, मार्कही चांगले पडले. पण मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून, बघ, इथे आपली वाट वेगळी होते, असं कुणी दाखवलं नाही. 'तुमचं ग्रामर कच्चं आहे' हे मात्र नोकरीत कितीदा ऐकलं. मला हे शब्द आता पटत नाहीत. माझ्या बहुतेक चुकांच्या मागे एक अगदी बरोबर मराठी वाक्य असतं. ते सापडलं की ती चूक सुटते, नुसती दुरुस्त करून घेतली की पुढच्या आठवड्यात परत येते.

'ए' आणि 'ॲन'ची अडचण तर देवनागरीनेच सोडवली. शब्द आपल्या अक्षरांत लिहायचा. 'अवर' (तास) स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी' य ने, म्हणजे व्यंजनाने, म्हणून 'ए'. 'एफआयआर'ला 'ॲन'. स्पेलिंगकडे बघायचंच नाही.

'द' मात्र आठ महिने झाले तरी हाती लागत नव्हता. आपल्याकडे असा शब्दच नाही, मग शेजारी ठेवायचं काय? आज दुपारी वॉचमन दारात येऊन म्हणाला, "ताई, गेटवर गाडी आलीये." मी विचारलं, कुठली? त्याला माहीत नव्हतं. तासाभराने तोच परत आला, "ताई, गाडी गेटवर आलीये." या वेळी मी काही न विचारता पावतीपुस्तक घेऊन उठले, कारण सकाळपासून आम्ही दोघं ज्या गाडीची वाट बघत होतो तीच आली होती.

शब्द तेच तीन. 'गाडी' पुढे गेली आणि ती ओळखीची झाली.

आत्ता वहीत ती दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आहेत. उजवीकडे पहिल्यासमोर 'ए ट्रक', दुसऱ्यासमोर 'द ट्रक'. उद्या जेवणाच्या सुट्टीत जुने मेल काढून बघायचे आहेत, हे किती ठिकाणी लागू पडतं ते.