आमची वाटचाल: चित्राखालचं नाव

आमचा मूळ धंदा फ्रेमिंगचा. एकदा एका बाईंनी रानवनस्पतीचं जुनं शिळाछाप चित्र फ्रेम करायला दिलं. नेहमीच्या सवयीने आम्ही माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी चित्रालगत कापली. न्यायला आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, ज्याने काढलं त्याचंच नाव झाकलंत की!" फ्रेम तिथल्या तिथे उघडली. तळाशी डावीकडे मुंगीएवढी अक्षरं होती: 'रंगिया डेल.' म्हणजे रेखाटन रंगियाचं.

हा रंगिया कोण, ते शोधता शोधता आम्ही फ्रेमवाल्यांचे छापचित्रवाले झालो. रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३८ ते १८५३ या काळात मद्रासेत सहा खंड काढले, त्यांत भारतीय वनस्पतींची दोन हजारांवर चित्रं आहेत. ती आधी रंगियाने आणि पुढे गोविंदूने काढली. वाइटने ऑर्किडच्या एका वंशाला (genus) 'गोविंदूइया' असं नावही दिलं. कागदावर वाळलेला नमुना नव्हे, तर वाऱ्यावर डुलणारी फांदी उतरवणारी ही माणसं. त्यांच्याबद्दल आम्हाला आजही मनापासून आदर वाटतो.

सुरुवातीला फसलोही. वाइटची बहुतेक चित्रं काळ्या शाईतच छापलेली असत. आम्हाला मिळालेली काही रंगीत होती, ती आम्ही 'मूळ रंगातली' म्हणून विकली. पुढे त्यांतलं एक दुरुस्तीला परत आलं. भिंगाखाली पाहिलं, तर जुन्या घडीवर कागदाचे धागे उसवलेले आणि हिरवा रंग त्या धाग्यांत मुरलेला. म्हणजे घडी आधीची, रंग नंतरचा. घेणाऱ्या प्रत्येकाला फोन करून पैसे परत केले. ते वर्ष जड गेलं. तेव्हापासून भिंगाखालून गेल्याशिवाय एकही कागद आम्ही विकत नाही.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र मात्र बोटांनाच कळतं. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उतरलेला असतो, शाई किंचित उठून आलेली असते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या, कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींवर १७९५ पासून निघालेल्या खंडांतला पळस पाहावा! पण तिथे काढणाऱ्या भारतीय चित्रकाराचं नाव नाही. त्याहून जुना मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 'होर्टुस मलबारिकुस', १६७८ ते १६९३, बारा खंड. त्यातल्या कित्येक चित्रांवर झाडाचं कोकणी नाव चक्क नागरीत कोरलेलं आहे. ते वाचताना आमच्या कारागिरांचे हात थांबतात.

शाबूत बांधणीचा ग्रंथ फोडून पानं विकायची नाहीत, हे आम्ही लवकरच ठरवलं. सुटी पानं जास्त मिळवून देतात, तरीही. माउंट आता चित्राखाली दोन बोटं मोकळी सोडूनच कापतो. रॉक्सबर्गच्या पळसामागे चिठ्ठी लावतो: 'चित्रकार भारतीय, नावाची नोंद नाही.'