चवली म्हणजे चाराणे नव्हे

जुन्या नाण्यांबद्दल बोलताना मराठी माणूस एक चूक हमखास करतो: चवलीला चार आणे म्हणतो. दोष हिंदीतल्या ‘चवन्नी’चा. ती चार आण्यांची. मराठीतली चवली मात्र दोन आण्यांची. चार आण्यांची ती पावली (रुपयाचा पाव हिस्सा म्हणून पावली) आणि आठ आण्यांची ती अधेली. ‘चवली-पावली’ असं जोडीने म्हणतात, कारण ती वेगवेगळी नाणी आहेत, एकाच नाण्याची दोन नावं नव्हेत.

हिशेब असा. १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे ४ पैसे, १ पैसा म्हणजे ३ पै. म्हणून रुपयात ६४ पैसे आणि १९२ पै. दोन पैशांचं म्हणजे अर्ध्या आण्याचं तांब्याचं जाड नाणं तो ढब्बू. गुटगुटीत पोराला आणि मिरचीला ढब्बू का म्हणतात, ते नाणं हातात घेतलं की कळतं. १९४३ मध्ये युद्धामुळे तांबं वाचवायला मधोमध छिद्र पाडलेला पैसा निघाला, तो ‘भोकाचा पैसा’. लोकांनी तो खर्चण्यापेक्षा वॉशर म्हणूनच जास्त वापरला असं जुने मिस्त्री सांगतात, आणि त्यात अविश्वास ठेवण्यासारखं काही नाही.

पै आणि पैसा यांतला गोंधळ सर्वांत महागात पडतो तो कागदपत्रांत. जुन्या खरेदीखतावर किंवा सातबाऱ्यावर ‘रु. ३-५-४’ असं लिहिलेलं असतं. हे ३ रुपये ५४ पैसे नव्हेत. शेवटचा आकडा पैशांचा नाही, पैचा आहे: ३ रुपये, ५ आणे, ४ पै. आजच्या हिशेबात आणायचं तर आण्यांना १२ ने गुणा, त्यात पै मिळवा आणि १९२ ने भागा. ५ गुणिले १२ म्हणजे ६०, अधिक ४ म्हणजे ६४. ६४ भागिले १९२ म्हणजे ०.३३. तेव्हा रक्कम ३ रुपये ३३ पैसे. वाचन बरोबर आहे का हे तपासायची साधी खूण: मधला आकडा कधीही १५ च्या वर जात नाही आणि शेवटचा ११ च्या वर जात नाही. गेला, तर अक्षर चुकीचं लागलंय किंवा स्तंभ सरकलाय.

०-५-४ हा आकडा पुन्हा पुन्हा दिसेल, कारण तो रुपयाचा बरोबर तिसरा हिस्सा आहे. तीन भावांच्या सामाईक जमिनीत प्रत्येकाचं नाव ०-५-४ आणेवारीने (अख्खी जमीन सोळा आणे धरून पडणाऱ्या हिश्श्याने) लागतं. तिघांचे ६४ गुणिले ३ म्हणजे १९२ पै, सोळा आणे पुरे. हेच दशमानात उतरवताना प्रत्येकी ३३ पैसे लिहिले की बेरीज ९९ वर अडकते आणि एक पैसा कुणाचा, हा प्रश्न उरतो. जुनी पद्धत किचकट होती अशी तक्रार सगळे करतात. तिसरा हिस्सा पाडण्यात मात्र ती आजच्यापेक्षा सरस होती.

मोडी किंवा जुन्या बाळबोध (देवनागरी) हिशेबात आकड्याऐवजी रेघाही असतात. एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन उभ्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढच्या आडव्या किंवा तिरक्या रेघा एकेका आण्याच्या. म्हणजे एक उभी आणि तीन आडव्या दिसल्या की सात आणे. जुन्या पुस्तकांवर छापलेली ‘किंमत १॥ रुपया’ ही त्याच घराण्यातली. तिथला दंड विरामचिन्ह समजून कुणी १ रुपया वाचला, तर आठ आण्यांचा फटका.

मराठवाड्यातल्या कागदात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: रुपया कुठला? निजामाच्या मुलखातला तो हाली आणि इंग्रजांचा तो कलदार. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, काठ दातेरी असलेला, म्हणून कलदार. अधिकृत दर ७ हाली म्हणजे ६ कलदार असा होता. म्हणजे ७०० हालीचं खत हे ६०० कलदाराचं खत. १९४८ च्या आधीच्या खतात ‘सिक्का हाली’ हे दोन शब्द नजरेआड केले तर सगळा हिशेब सहाव्या हिश्श्याने फुगतो.

त्याही आधी, पेशवाईत आणि नंतर काही काळ, चांदवडी, अंकुशी असे टांकसाळीवर किंवा छापावर नाव पडलेले कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. चांदी कमी-जास्त, घासलेलं नाणं आणखी हलकं. सराफ प्रत्येक रुपया पारखून, दगडावर वाजवून घ्यायचा. चांगलं नाणं खणखणीत वाजे. आत शिसं भरलेलं बद्द आवाज करी. परमुलखातल्या किंवा झिजलेल्या रुपयावर जी रक्कम कापली जाई तो बट्टा. आज ‘नावाला बट्टा लागला’ म्हणणाऱ्याला सराफाचं दुकान आठवत नाही, पण शब्द तिथलाच. सरकारी पोत्यात (खजिन्यात) भरणा होणारी नाणी तपासणारा तो पोतदार. अख्ख्या, न मोडलेल्या रुपयाला बंदा रुपया म्हणत आणि मोडून मिळणाऱ्या तांब्याच्या नाण्यांना खुर्दा. एका रुपयाचे पसाभर पैसे विखुरलेले डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ‘फौजेचा खुर्दा उडाला’ याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

राणीछाप (व्हिक्टोरिया राणीच्या छापाच्या) रुपयाला आजही गिऱ्हाईक आहे. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच नेमका एक तोळा. म्हणून वैद्याच्या पुडीत आणि स्वयंपाकघरात ‘रुपयाभार’ हे माप चाललं. १९४० पासूनच्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा. फक्त राजाचा चेहरा पाहून चांदीचा भाव देऊ नये, साल वाचावं. माळेत ओवायला कडी डाखलेला (धातू वितळवून जोडलेला) रुपया असेल तर डाखाचं वजन आधी वजा करावं.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५, आठ आण्यांचे ५०, बारा आण्यांचे ७५, हे सरळ. अडचण मधल्या आण्यांची. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. रूपांतराच्या तक्त्याप्रमाणे १ आण्याला ६, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९. आण्याची वस्तू चारदा वेगवेगळी घेतली तर २४ नवे पैसे, एकदम चार घेतल्या तर २५. तीन-तीन आण्यांची खरेदी वेगवेगळी केली तर उलट तोटा. १९६४ मध्ये ‘नवा’ शब्द गळला. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, तरी चाराणे-बाराणे तोंडातून गेलेले नाहीत. पिकाची आणेवारी (पीक किती आलं याचा अंदाज) कागदावर पैसेवारी झाली. दुष्काळाच्या बातमीत ‘५० पैशांपेक्षा कमी’ येतं ते तिथून. गावात मात्र अजून ‘आणेवारी किती लागली?’ असंच विचारतात.

व्यापाऱ्यांची चोरटी बोली हा वेगळाच प्रकार. नंदभाषेत रुपया म्हणजे भुरका. केवली एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाईक समोर असताना दोन दुकानदारांनी भाव ठरवायचा तो असा. जनावरांच्या बाजारात तर तोंडही उघडत नाहीत. रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो.

मुंबईने ह्या घराण्यात पेटी आणि खोकं आणलं. पेटी म्हणजे लाख, खोकं म्हणजे कोटी. २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके’ची घोषणा झाली आणि गुंड-बिल्डरांचा शब्द आजीबाईंनाही कळला. बोलताना पेटीचं अनेकवचन सहसा करत नाहीत: ‘पाच पेटी लागतील’, पेट्या नव्हे. आणि पाव-अर्ध्याची जुनी सवय इथेही सुटलेली नाही. पाव खोकं म्हणजे पंचवीस पेटी.