हळदीची पावलं

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ‘एक-दोन पानं मनोगत द्या’ असं पत्र आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. आपल्या शाळेच्या नव्हे, नोकरीच्या. समोर हळदीच्या नमुन्यांच्या पुड्या मांडलेल्या. पत्रात विषयही सुचवले होते: शाळेचे संस्कार, शाळेने मला काय दिले, वगैरे. मी प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. प्रार्थना, पाढे, कवायत, सगळं आठवलं, पण त्यावर चार ओळींच्या वर काही सुचेना. आठवत राहिली ती एका व्हीएचएस कॅसेटवरची दोन मिनिटं आणि त्या दोन मिनिटांमागे उभ्या असलेल्या बाई.

बाई म्हणजे कोणत्या, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. मराठीच्या बाई, भूगोलाच्या बाई, पीटीच्या बाई अशा सगळ्या होत्या, पण नुसत्या ‘बाई’ एकच. विज्ञानाच्या.

२००४ साल, नववी अ. डिसेंबरच्या गॅदरिंगला प्रत्येक वर्गानं काहीतरी सादर करायचं होतं आणि आमच्या वर्गात नाचणारं कोणी नव्हतं. एकाचा मामा लग्नाची शूटिंग करायचा. त्या मामामुळे त्या मुलाचं नाव कायमचं ‘भाचा’ पडलं. आज तो स्वतः लग्नात ड्रोन उडवतो, तरी आम्ही त्याला भाचाच म्हणतो. तर भाच्यानं बातमी आणली की तुळशीचं लग्न लागेपर्यंत मामाकडे काम नसतं, कॅमेरा घरी नुसता पडून असतो. दिवाळीची सुट्टी होतीच. ठरलं, सस्पेन्स पिक्चर काढायचा.

नाट्यपंढरीतल्या शाळेत पिक्चर म्हटल्यावर वर काय प्रतिक्रिया झाली असेल ते ओळखा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, हे आपण दर गॅदरिंगच्या प्रास्ताविकात ऐकलं आहे. त्या दिवशी आम्ही ते ऑफिसात उभं राहून एकदा जास्तीचं ऐकलं. शेवटी एक जबाबदार शिक्षक बरोबर असेल तर परवानगी, असा तोडगा निघाला. सुट्टीत कोण येणार? बाई आल्या.

आमची गोष्ट तयार होती. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, एक हमाल गुदमरून मरतो आणि त्याचं भूत व्यापाऱ्याच्या घरी येतं. बाईंनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, ‘‘तो बिचारा कामावर मेलाय. त्याला कशाला भूत करता? आणि घाबरायचं कुणी, त्याला पेवात उतरवणाऱ्यानं की आपण?’’ आम्हाला तेव्हा हे काही कळलं नाही. भूत मात्र गेलं. दुसरं त्यांनी सांगितलं ते व्यवहाराचं होतं, ‘‘अख्खा पिक्चर तुमच्यानं होणार नाही. नुसती सुरुवात करा. पहिली दोन मिनिटं. पण अशी की बघणारा उठून जाता कामा नये.’’

मग त्यांनी आम्हाला विज्ञानाची जर्नल आणायला लावली. जर्नलचं डावं पान कोरं असतं आकृतीसाठी, उजवं रेघांचं. डाव्या पानावर शॉटचं चित्र. उजव्या पानावर साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. एका पानाला एक शॉट, असे चौदा. साहित्य: कंदील, दोर. कृती: कंदील खाली सोडणे. निरीक्षण: ज्योत विझते. अनुमानाशी येऊन मी पेन चावत बसलो तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘ते रिकामं ठेव. ते बघणाऱ्यानं काढायचं.’’

पुढे मी बरेच सस्पेन्स पिक्चर पाहिले. ज्यांत अनुमानसुद्धा दिग्दर्शकानंच लिहून टाकलेलं असतं, ते पाहताना मला झोप येते.

कंदिलाचा शॉट मुळात नव्हताच. आम्हाला पेवात उतरून आतून शूटिंग करायचं होतं. ज्यांनी पेवं पाहिली नाहीत त्या धाकट्या मंडळींसाठी सांगतो: हरिपूरला, संगमेश्वराच्या वाटेवर, जमिनीच्या पोटात खोल खड्डे असायचे. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, आत मात्र खोलीएवढा घेर. त्यात हळद भरून तोंड बंद करायचं. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. आणि त्याच कारणानं माणूस टिकत नाही. बाईंनी हे फळ्यावर समजावलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. त्या आम्हाला घेऊन सरळ पेवावर गेल्या.

पेवावरच्या आबांनी नुकतंच एक तोंड उघडलं होतं. बाईंनी विचारलं, ‘‘आबा, पोरांना उतरू द्याल का?’’ आबा काही बोलले नाहीत. कंदील पेटवला, दोराला बांधला आणि खाली सोडला. आम्ही सहाजण पालथे पडून बघत होतो. ज्योत हातभर खाली गेली, आणखी थोडी गेली, बारीक झाली, निळसर झाली आणि गेली. वाऱ्यानं विझते तशी फडफडून नाही. कुणीतरी चिमटीत धरून न्यावी तशी. आबा म्हणाले, ‘‘आदी दिवा, मग मानूस. आज दिवा न्हाई म्हनतोय बगा.’’

कुणीच काही बोललं नाही. मग भाचा हळूच म्हणाला, ‘‘बाई, हे परत करता येईल का?’’ तोच आमचा पहिला शॉट झाला. कॅमेरा पेवाच्या तोंडावर, दोर सुटतोय, ज्योत लहान होत होत जाते, पडदा काळा. कुणी उतरलं नाही, कुणाचं बोटही दिसलं नाही.

मामा पहिल्या दिवशी बरोबर होता. खांद्यावर ठेवायचा पॅनासॉनिकचा कॅमेरा आमच्या हाती देताना त्यानं एकच सांगितलं: एडिटिंग विसरा, त्याला मशीन लागतं, भाडं लागतं. चौदा शॉट पिक्चरमध्ये ज्या क्रमानं हवेत त्याच क्रमानं घ्या. आणि शॉट संपला तरी मनात पाच आकडे मोजा, मगच बटण दाबा. कारण थांबवून पुन्हा सुरू केलं की टेप थोडी मागे सरकते आणि आधीच्या शॉटचं शेपूट खाते. आमच्या तिसऱ्या शॉटचं शेपूट खाल्लं गेलं. दार उघडणारा हात अर्ध्यातच नाहीसा होतो. गॅदरिंगनंतर एका पालकांनी तेवढ्याच जागेचं कौतुक केलं. आम्ही धन्यवाद म्हणालो.

आता पावलं. गावभागातला एक जुना वाडा मिळाला होता, शहाबादी फरशीचा. घरातली बाई सकाळी उठते, तर उंबऱ्यापासून आतपर्यंत हळदीची पावलं उमटलेली. आत गेलेली आहेत, बाहेर आलेली नाहीत. (कोल्हा-सिंहाच्या गोष्टीवरून ढापलंय, हे बाईंनी लगेच ओळखलं. ‘‘ढापा, पण नीट ढापा,’’ म्हणाल्या.) पावलं माझी. कारण माझे तळवे सपाट आहेत, ठसा भरगच्च उमटतो. आयुष्यात या सपाट तळव्यांचा झालेला एवढाच फायदा.

तालमीच्या दिवशी प्रयोगशाळेच्या नळावर मी साबणानं पाय धुवायला गेलो आणि ओरडलो. पाय लालभडक झाले होते. सगळे धावले. बाईंनी पाय पाहिले आणि हसायलाच लागल्या. हळदीच्या डागावर साबण घातला की तो लाल होतो, हे घरोघरी आईला रोज दिसतं. आम्ही नववीत हळद हा दर्शक म्हणून शिकलोही होतो, पाचपैकी पाच मार्क घेतले होते. पण पुस्तकातली ‘आम्लारी’ आणि बादलीतला साबण एकच, हे डोक्यात शिरलं ते त्या नळावर. बाई हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘घरातली बाई पावलं दिसल्यावर काय करेल?’’

‘‘ओरडेल,’’ आम्ही म्हणालो.

‘‘उंबऱ्यातून आत घाण झालीय. ती आधी पुसेल.’’

आमची मॉनिटर त्या बाईच्या भूमिकेत होती. ती चौदावा शॉट करते: फडकं बादलीत बुडवते, पिळते, पहिल्या पावलावर फिरवते. पिवळं पाऊल तिच्या हाताखाली लाल होतं. ती थांबते. दुसऱ्यावर फिरवते. तेही लाल. बादलीत धुण्याचा सोडा विरघळवला होता, एवढंच. रक्ताचा एक थेंब नाही, रंगाची बाटली नाही.

हे लिहायला चार ओळी पुरल्या, जमायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी हळद लालच होईना, नुसती चिखलासारखी मळकट. बाईंनी चिमूटभर परीक्षानळीत घेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले, तर गुलाबी. म्हणजे मेटॅनिल यलो, भेसळीचा पिवळा रंग. बाजारातून स्वस्तात सुटी आणलेली हळद भेसळीची निघाली. हळदीच्या गावात! दुसऱ्या दिवशी एकाच्या वडिलांच्या अडतीतून हळकुंडं आणून आम्ही खलबत्त्यात कुटली. मग बल्बच्या उजेडात फरशीही पिवळी आणि पावलंही पिवळी, कॅमेऱ्यात काही वेगळं दिसेना. शेवटी तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी, खिडकीच्या उजेडात, भारनियमनाची वेळ सुरू व्हायच्या आत शॉट झाला. सोड्याचं द्रावण बाईंनी मोजून दिलं होतं, प्रयोगशाळेच्या बीकरमध्ये. ते बीकर वाड्याच्या पायरीवर माझ्या हातून फुटलं. मी तुकडे गोळा करून नाल्यात टाकले आणि कुणालाच काही बोललो नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला आत्यानं माझे पिवळे पाय पाहून विचारलं, ‘‘काय रे, हळद लागली वाटतं? कुणाची?’’

गॅदरिंगला भाड्याचा टीव्ही आणला होता. मागच्या दहा रांगांना काही दिसलं नसणार. पण चौदाव्या शॉटला पुढचा बालवर्ग ‘‘रगत!’’ म्हणून किंचाळला आणि मागचे सगळे उभे राहिले. संपल्यावर मुख्याध्यापकांनी, ज्यांना मुळात पिक्चर नको होता त्यांनी, बाईंना विचारलं, ‘‘पण पुढे काय होतं?’’ बाई म्हणाल्या, ‘‘विद्यार्थ्यांनी रिकामं ठेवलंय, सर.’’

२००५च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि पेवांचं ते सगळं वैभव गेलं. आबांनी सोडलेला कंदील हे पेवाचं आमच्याजवळचं एकमेव चित्रीकरण होतं. ती कॅसेट माझ्या घरी लाकडी कपाटाच्या खालच्या खणात होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत पाणी छातीपर्यंत आलं. पाणी ओसरल्यावर कॅसेट सापडली, आत गाळ भरलेली. भाच्यानं टेप सोडवून, धुवून, वाळवून बघितली. गेली ती गेली.

शाळेची जुनी प्रयोगशाळाही पाडली, असं ऐकतो. नव्या इमारतीत मोठे पडदे आहेत, त्यावर प्रयोग ‘दिसतात’. चांगलंच असेल. माझा मुलगा सांगतो, त्याला हळदीचा प्रयोग पडद्यावर दाखवला आणि रंग अगदी बरोबर बदलला. मी त्याला विचारलं, हाताला वास किती दिवस राहिला? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडून दिला.

मी आता हळदीची तपासणी करतो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून काम वाढलंय. आज आमच्याकडे यंत्रं आहेत, आलेख काढतात, आकडे देतात. तरीही नवा नमुना आला की मी आधी परीक्षानळीत दोन थेंब टाकून बघतो. शिकाऊ मुलं हसतात. हसू देत.

हे लिहायला घेण्याआधी बाईंना फोन केला. निवृत्तीनंतर त्या मिरजेला असतात. आवाज तसाच. मी पेव सांगितलं, कंदील सांगितला, लाल पावलं सांगितली. त्या म्हणाल्या, ‘‘हो का? असं काही केलं होतं तुम्ही? मला नाही रे आता आठवत.’’ मला बोलवेना. मग थोडं थांबून त्याच म्हणाल्या, ‘‘नववी अ ना? दिवाळीच्या सुट्टीत अडीचशे मिलीचं एक बीकर नेलं होतं तुम्ही. ते परत आलं नाही. डेडस्टॉकच्या नोंदवहीत मी ते शेवटपर्यंत ‘येणे’ दाखवलंय.’’

महोत्सवाला बोरोसिलचं घेऊन येतोय, बाई. अडीचशे मिलीचंच.